गर आणि बी

बीड जिल्ह्यात कॉफी पिकत नाही. तिला हवे ते धुके, मोठ्या वृक्षांची ती गाळीव सावली, वर्षाकाठचा 1500 मिलिमीटरच्या पुढचा पाऊस, यांतले काहीच या भूमीच्या वाट्याला आलेले नाही. सरासरीच्या तक्त्यात इथे 600-700 मिलिमीटर लिहिलेले असतात, आणि प्रत्यक्षात तेही कधी एका आठवड्यात कोसळून वाहून जातात, तर कधी आष्टी-पाटोद्याच्या माळावर नुसते ढग दाखवून पुढे सरकतात. महाराष्ट्रात कॉफीचे नाव निघाले की बोट मेळघाटातल्या चिखलदऱ्याकडे जाते आणि तेही जरा बिचकतच. तिचे खरे घर दक्षिणेत, कोडगू-चिकमगळूरच्या उतारांवर आहे. तरीही धारूर ते अंबाजोगाई या टापूतल्या एखाद्या घरच्या सीताफळबागेत आश्विनातल्या सकाळी उभा राहिलो की मला हटकून कॉफी आठवते. या आठवणीचे मूळ साम्यात नसून विरोधात आहे, आणि विरोधाने जोडल्या गेलेल्या वस्तू मनात अधिक काळ एकत्र नांदतात असे मला वाटते.

कॉफीच्या फळाला गर असतो हे आपल्यापैकी पुष्कळांच्या गावीही नसते. बोराहून लहान, पिकल्यावर लालबुंद होणारे ते फळ चाखले तर जिभेला किंचित गोड लागते. पण मळेवाला ते खुडतो ते हा गोडवा टाकून देण्यासाठीच. साल आणि गर यंत्रात सोलून काढायचे, बियांना चिकटून राहिलेला बुळबुळीत थर हौदात आंबवून सैल करायचा, पाण्याने धुवून काढायचा आणि मग ती अंगाला अंग लावून वाढलेली बियांची जोडी खळ्यावर उन्हात पसरून, फावड्याने वरखाली करत, अंगातला ओलावा शेकडा अकराच्या आसपास येईपर्यंत वाळवायची. एवढे झाले की त्या बीला घाई उरत नाही. ती पोत्यात राहील, जहाजात राहील, दूरच्या एखाद्या थंड शहरातल्या कोठारात वर्षभर राहील, आणि भट्टीचा जाळ अंगाला लागेल त्या दिवशी आपला सुगंध सोडील. कॉफीवरच्या साऱ्या प्रक्रियेचा हेतू बीजाला थांबायला शिकवणे हा आहे. गर थांबू शकत नाही म्हणून तो आधीच निकालात काढलेला असतो.

सीताफळाने नेमका उलटा मार्ग धरला. त्याची बी काळीभोर, तकतकीत, दगडासारखी; आपण ती जिभेच्या टोकाने वेगळी करून थुंकून टाकतो. घरोघरच्या आज्या तिची पूड केसांतल्या उवांवर लावत आणि लावताना पोरांचे डोळे फडक्याने घट्ट बांधत, कारण ती पूड डोळ्यांत गेली तर अनर्थ होतो. सर्व माधुर्य गरात, आणि तो गर असा की झाडावरून काढलेले फळ दोन-चार दिवसांत मऊ पडते, मग जेमतेम एक दिवस आपल्या पूर्णत्वात राहते आणि त्यानंतर काळे पडून आंबू लागते. टिकणारी बी टाकून न टिकणाऱ्या गरावर आपली उपजीविका उभारणे, हा बालाघाटातल्या शेतकऱ्याच्या नशिबाचा भाग म्हणावा की स्वभावाचा, मला ठरवता येत नाही.

दोन्ही झाडे परदेशी आहेत. कॉफीच्या आगमनाला निदान एक कथा तरी आहे. सतराव्या शतकात बाबा बुडन नावाचा सत्पुरुष मक्केची यात्रा करून परतताना येमेनमधून सात बिया लपवून घेऊन आला आणि चंद्रगिरीच्या डोंगरात त्या रुजवल्या, असे परंपरा सांगते. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या गिरीवर दर्गा आहे आणि तेच स्थान दत्तात्रेयाचे पीठ म्हणूनही मानले जाते. मराठवाड्यातल्या माणसाचे मन या ठिकाणी क्षणभर थबकते. कारण अंबाजोगाईच्या दासोपंतांचे दैवत हेच. गोदाकाठच्या राक्षसभुवनाशी त्यांच्या दत्तोपासनेची कथा बांधली गेली आहे, आणि फकिराच्या वेषात भेटणारा दत्त आपल्या संतपरंपरेला मुळीच अपरिचित नाही. ज्या डोंगरावर अवधूत आणि बाबा एकाच गुहेत राहतात तिथेच परक्या मुलखातले बीज निर्धास्तपणे मूळ धरते, याला कुणी योगायोग म्हणावे. मी म्हणणार नाही.

सीताफळाला असा बाबा लाभला नाही. वनस्पतिशास्त्र त्याचे कुळ उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेत नेऊन ठेवते. उलट अलेक्झांडर कनिंगहॅमसारख्या पुराविदाला भारहुतच्या प्राचीन शिल्पांत त्याची आकृती दिसली होती, आणि तो दगडातला फुगीर, खवलेदार गोळा नक्की कशाचा यावर विद्वानांनी बरीच शाई खर्च केली. लोकमानसाने मात्र हा वाद केव्हाच निकाली काढून झाड वनवासाच्या कथेशी जोडून दिले. मला यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. कॉफीचा प्रसार राजांनी, कंपन्यांनी, मळेवाल्यांनी, जमिनी मोजून आणि जंगले तोडून केला. सीताफळाचा प्रसार ते खाऊन बी थुंकणाऱ्या वाटसरूंनी, गुराख्यांनी, पाखरांनी केला. बालाघाटाच्या मुरमाड, उघड्याबोडक्या उतारांवर ते झाड टिकले, कारण त्याच्या पानांच्या उग्र वासामुळे शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. आणि ज्या मुलखात शेळीने सोडलेले तेवढेच हिरवे उरते, तिथे हे केवढे वरदान! पुढे अंबाजोगाईला सीताफळाचे संशोधन केंद्र आले, त्याने 'धारूर-6' हे वाण दिले, 2016 मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. पण मुळात ही बाग कुणी लावली या प्रश्नाला एकच उत्तर संभवते, ते म्हणजे कुणीच नाही.

उन्हाळ्यात हे झाड पाने टाकून जवळजवळ काष्ठवत उभे असते. वळवाचा किंवा मृगाचा पहिला पाऊस अंगावर पडला की डोळे फुटतात आणि कोवळ्या पानांबरोबर खाली माना घातलेली, हिरवट, जाड पाकळ्यांची फुले येतात; ती फुले आहेत हे नवख्याला सांगावे लागते. त्या फुलाची रीत विलक्षण आहे. उमलताना ते आधी स्त्रीरूपात असते आणि पराग सोडण्याची वेळ येईतो त्याच्या स्त्रीत्वाची घटका उलटून गेलेली असते. एकाच देहात दोघे आहेत, पण दोघांची भेट नाही. भेट घडवतात ते इवलाले भुंगेरे, जे एका फुलाच्या बंद दालनात शिरून दुसऱ्यात निघतात; आणि ज्या बागांत भुंगेऱ्यांवर भरवसा ठेवणे परवडत नाही तिथे घरातली माणसे सकाळच्या प्रहरी रंगाचा कुंचला घेऊन फुलाफुलाशी वाकतात. सीताफळ हे एक फळ नसून एकत्र वाढलेल्या अनेक फळांचा समूह आहे; प्रत्येक डोळ्यामागे एक पाकळी आणि बहुधा एक बी. जेवढ्या कप्प्यांना पराग पोचला तेवढे भरतात, उरलेले खुरटतात, आणि फळ एका अंगाला बसके, वेडेवाकडे होते. बाजारात असे फळ बाजूला काढतात. मला ते हातात घ्यायला आवडते, कारण आषाढातल्या एखाद्या सकाळी कोण आले आणि कोण आले नाही याची संपूर्ण नोंद त्याच्या अंगावर असते, आणि आपल्यापैकी तरी सर्व बाजूंनी सारखे भरलेले असे कोण आहे?

फळ काढण्याची वेळ ओळखणे ही या शेतीतली खरी विद्या. गर्द हिरवा रंग निवळतो, डोळे फुगून एकमेकांपासून सुटू लागतात, त्यांच्यामधल्या खाचांत पिवळसर पांढरी रेघ दिसते. 'डोळे उघडले' असे म्हणतात ते हेच. एका बागेत मी उगाचच एक फळ चाचपून पाहत होतो, तर कॅरेटमध्ये पाने अंथरत बसलेल्या आजी मान वर न करता म्हणाल्या, "दाबू नका भाऊ. हातानं नसतंय कळत, नजरेनं कळतंय." मग थोड्या वेळाने, माझ्यावर दया येऊन असेल, "आज नाही, उद्याच्याला सकाळी बघा तेच." एकाच झाडावरची फळे एका दिवशी तयार होत नाहीत, त्याच फांदीवर परवाचे, उद्याचे आणि आजचे अशी तीन फळे शेजारी लोंबत असतात. दिवसाआड बाग फिरावी लागते, आणि कालची फांदी आज आठवावी लागते. कामावर रोजाने आलेल्या माणसाला हे जमू नये यात त्याचा दोष नाही, कारण त्याला कालचा दिवस दिसलेला नसतो. म्हणूनच ही शेती घरची माणसेच करू शकतात असे वाटते. सासू, सून, शाळेतून आलेली पोरे, गोठ्याकडे जाता जाता मान वळवणारा बाप, यांच्या जाता-येता पडणाऱ्या नजरांचे जाळे बागेवर सतत पसरलेले असते. प्रक्रिया हा शब्द आपण यंत्राच्या पुढे लावतो. तिची सुरुवात या नजरेपासून होते.

थांबणाऱ्या वस्तूंनी जगाचा इतिहास किती घडवला याचा विचार अशा वेळी मनात येतो. कॉफीची बी महिनोन्महिने वाट पाहू शकते म्हणून तिच्याभोवती बाजार उभे राहिले, भाव ठरले, पैजा लागल्या. लंडनमध्ये एडवर्ड लॉइडच्या कॉफीगृहात बसून माणसे समुद्रावरच्या जहाजांचा विमा उतरवू लागली आणि सतराव्या शतकाच्या अखेरच्या त्या बैठकीतून पुढे एक जगड्व्याळ संस्था निघाली. मलबारच्या किनाऱ्यावरून निघालेली कॉफी शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून युरोपात पोचे, तेव्हा त्या कित्येक महिन्यांच्या दमट प्रवासात तिचे हिरवे दाणे फुगून पिवळट होत आणि त्यांचा आंबटपणा ओसरे. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, वाट आखूडली, जहाजे वेगवान झाली. आणि मग तिकडच्या गिऱ्हाइकांना जुनी चव आठवू लागली. आजही आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वाऱ्यावर दाणे पसरून तो विलंब मुद्दाम निर्माण केला जातो. विलंबालाही चव असते, आणि ती गमावल्यावर माणूस ती विकत घ्यायला निघतो, हे वाचल्यापासून कॉफीचा पेला हातात घेताना मी थोडा सावकाश होतो.

सीताफळाभोवती मात्र असा विमा, असा सट्टा, असे कॉफीगृह संभवतच नाही. त्याच्या भोवती उभा राहतो तो रस्त्याकडेचा बाजार. पाटीत पानांवर रचलेली फळे, संध्याकाळपर्यंत उतरत जाणारा भाव, आणि शेवटच्या एस.टी.च्या प्रवाशाला जवळजवळ फुकट दिलेला डाग लागलेला वाटा. माणसाने नाशवंताला वाचवायला आजवर जी साधने शोधली त्यांत अग्नी सर्वांत प्राचीन. याच बालाघाटात दूध शहरापर्यंत पोचत नाही म्हणून गावोगाव खव्याच्या भट्ट्या पेटल्या. उसाचा रस तासागणिक आंबू लागतो म्हणून गुऱ्हाळ आले. कॉफी तर अग्नीचीच लेक. सीताफळ अग्नीला नकार देते. गर तापवला की तो कडवट होतो, त्याचा गंध मोडतो. आंब्याच्या रसासारखा तो आटवून डब्यात भरता येत नाही. ही गोष्ट प्रयोगशाळेच्या आधी स्वयंपाकघराला ठाऊक होती. बासुंदी आटवून पूर्ण गार झाल्याशिवाय तिच्यात सीताफळाचा गर घालायचा नाही, हे कुणीही जाणती गृहिणी सांगेल. शीतही त्याला तितकेच अप्रिय. अखंड फळ शीतपेटीत ठेवले तर साल काळी पडते आणि पिकण्याची क्रियाच बिघडते.

तेव्हा उरतो एक अवघड मध्यममार्ग. फळ आढीत नेमके पिकू द्यायचे, फोडायचे, बीभोवतीची पाकळी बी न ठेचता सोडवायची, कारण बी ठेचली गेली तर गर वाया जातो. आणि हवेच्या स्पर्शाने तो तपकिरी होण्याआत पिशव्यांत भरून शून्याखाली अठरा-वीस अंशांवर गोठवायचा. याला यंत्रे निघाली आहेत, पण पुष्कळ घरांतून अजून बायकाच पाटावर बसून हे काम करतात आणि गप्पा चालू असताना त्यांची बोटे अशी चालतात की पाहणाऱ्याला बी कधी वेगळी झाली तेच उमगत नाही. पलीकडे, सोलापूर जिल्ह्यात बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी निवडून वाढवलेल्या सोनेरी वाणाचे फळ अधिक दिवस तग धरते. आता अनेक बागांतून तेच दिसते. फळाला थोडे थांबायला शिकवले गेले आहे. ज्यांना जुन्या डोंगरी फळाची चव लागलेली आहे ते नाके मुरडतात. मी मुरडत नाही. चवीचा अभिमान बाळगायला पोट भरलेले असावे लागते.

वैशाखात, जेव्हा झाडावर पानही नसते, तेव्हा शहरातल्या एखाद्या लग्नाच्या पंगतीत सीताफळाची रबडी वाढली जाते. ऋतूच्या बाहेर काढलेले फळ. या प्रकाराकडे आपण कसे पाहावे हे मला बरेच दिवस उमजत नव्हते, आणि उमजायला मदत झाली ती अनपेक्षितपणे दासोपंतांच्या पासोडीची. अंबाजोगाईला जपलेले ते सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद जाडेभरडे कापड. त्यावर त्या सोळाव्या-सतराव्या शतकातल्या माणसाने पंचीकरणाचा अवघा विषय अक्षरांनी आणि आकृत्यांनी मांडून ठेवला आहे. पंचमहाभूते एकमेकांत मिसळून हा नश्वर देह कसा होतो, हे सांगण्यासाठी त्याने निवडले ते कुजणारे, कसर लागणारे वस्त्रच. दगडावर कोरता आले असते. नश्वराचे ज्ञान नश्वरावर लिहायचे आणि मग पिढ्यान् पिढ्या ते वाळवी, ओल, उंदीर यांच्यापासून राखत बसायचे, यातली आर्तता मला त्या ग्रंथाच्या सिद्धांताहून अधिक वाटते. टिकवणे म्हणजे नाशाचा पराभव नव्हे. कुणीतरी रोज उठून राखण करणे, एवढाच त्याचा अर्थ. गोठवलेला गरही विजेच्या तारेला लोंबतो आहे, आणि वीज गेली की घरातले कुणीतरी पेटीचे झाकण उघडू नका म्हणून ओरडते.

या सगळ्यावर एका गोष्टीची सावली आहे. सीताफळाचा हंगाम साधारण भाद्रपदाच्या अखेरीस सुरू होऊन कार्तिकात सरतो, आणि दसरा झाला की याच जिल्ह्यातून ऊसतोडीला माणसे निघतात. नवराबायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फेडायला हे कोयते पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर कोप्या बांधून पाच-सहा महिने राहतात. पाऊस लांबला की बहार लांबतो, आणि डोळे उघडायच्या वेळी ते पाहणारे डोळे दूर कुठल्या फडात पाचटाच्या धुळीत असतात. मग बाग व्यापाऱ्याला उक्ती दिली जाते. फळ झाडावर हिरवे असतानाच त्याचा पैसा येतो आणि येण्याआधीच संपलेला असतो. फळाचीही उचल, माणसाचीही उचल. कॉफीची बी स्वतः थांबते म्हणून तिचा धनी भाव चढेपर्यंत थांबू शकतो. इथे फळ थांबत नाही, कर्ज थांबत नाही, कारखान्याचा पट्टाही थांबत नाही, आणि या तिन्ही घाईंच्या मधोमध एक कुटुंब उभे असते.

म्हणून त्या गोठणपेटीकडे मी आता संशयाने पाहत नाही. अशाच एका बागेच्या घरातल्या सुनेने वहीच्या मागच्या पानावर एक हिशेब मांडला होता. एका बाजूला मुकादमाची उचल, दुसऱ्या बाजूला गराचे किलो, त्यातून पिशव्या, वीज, अंबाजोगाईपर्यंतचे टेम्पोभाडे वजा. बेरीज जुळत होती की नव्हती ते तिने सांगितले नाही आणि विचारणे मला प्रशस्त वाटले नाही. बिया पोत्यात भरून ठेवल्या होत्या. काही रोपवाटिकेला जाणार होत्या, उरलेल्या मागच्या उतारावर. मुकादम पोळ्यालाच येऊन गेला होता, असे ती हात धुता धुता म्हणाली.

"मग काय सांगितलंत त्याला?"

"बघू म्हणलं. दर साली हो म्हणतोत, यंदा बघू म्हणलं."